शेवंताबाईंचं बोट

बाबासोंची फटफटी लग्नातली. तिचं इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड व्हायचं. त्यामुळं कोल्हापुरातनं शिरोळला माहेरी जाताना शेवंताबाई हातकणंगल्याच्या हॉटेलापाशी गाडी थांबवायला लावायच्याच. बोट जिभेला लावून इंजिनाला टेकवायच्या. चर्र वाजलं, की हुकूम सुटायचा, "अजून ताप हाय हिला. आणि एक चा सांगा."

"गाडीची डाक्टरीण हायस व्हय?" बाबासो करवादायचे. पण चहा सांगायचे.

शेवंताबाई गेल्या. मुलानं गाडीला उष्णता दाखवणारं मीटर बसवलं. "आता उगं थांबायचं कामच न्हाय, आप्पा."

आज बायकोच्या वर्षाच्या कार्यक्रमाचं सांगायला बाबासो एकटेच शिरोळला निघाले. मीटरचा काटा खालीच होता, तरी हातकणंगल्यात गाडी थांबली. सवयीनं त्यांनी दोन चहा सांगितले आणि दोन्ही स्वतःच प्याले. मग नुसतेच बसून राहिले.

शेवटी हॉटेलवाला म्हणाला, "पावणं, गाडी कवाच गार झाली असंल की!"

बाबासोंनी बोट जिभेला लावून इंजिनाला टेकवलं. इंजिन गप्प. चर्र झालं ते त्यांच्या काळजात.

"तुला काय कळतंय?" ते खेकसले. "अजून ताप हाय हिला. आणि एक चा आण."