ईस्टरच्या पहाटे बायका गप्प

मोनिकामावशी माफ करत नाही, हे आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, आता पुंडलिकनगरात राहते. तिची मुलगी तनुजा गेल्या पावसाळ्यात नवऱ्याचा मार खाऊन, मोडलेला हात घेऊन माहेरी आली. नवरा सुदर्शन म्हणजे आमच्या चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी.

मंडळीच्या सभेत मावशी उठली. सुदर्शनने सर्वांसमोर कबूल करावं आणि पद सोडावं, एवढंच तिचं मागणं. पाळक सोमनाथरावांनी तिला धड बोलूही दिलं नाही. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, हे शास्त्रातलं वचन त्यांनी वाचलं आणि प्रार्थना करून सभा संपवली. कमिटीतले पुरुष आमेन म्हणाले. ते आमेन आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

घरी जाताना मावशी मला शांतपणे म्हणाली, "वचन हाय ना, मग पाळू की."

ईस्टरला पहाटे आमची उपासना कबरस्तानात होते. प्रभूची रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली, म्हणून 'प्रभू उठला आहे' ही घोषणा आधी बायकांनी करायची आणि पुरुषांनी उत्तर द्यायचं, असा पणज्यांपासूनचा रिवाज. यंदा त्याआधी महिनाभर मावशी घरोघर चहा पीत फिरली.

त्या पहाटे पाळकांनी घोषणेसाठी हात वर केला. आम्ही साठेक बायका पांढऱ्या साड्यांत तोंडं मिटून उभ्या. त्यांनी पुन्हा हात वर केला. कुणी हूं की चूं केलं नाही. मला तर लई बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू! शेवटी कमिटीतला एक पंच स्वतःच घोषणा करायला पुढं झाला, तर म्हातारे कडुबाआजोबा त्याच्यावर खेकसले, "प्रभूचे शिष्य तर भिऊन दारं लावून बसले व्हते. तुला कुणी सांगितलं, प्रभू उठला म्हणून?"

पाळकांचा आवाज खाली आला. "मोनिकाबाई, निदान आज तरी क्षमा करा."

"प्रभू उठला तवा त्यानं खिळ्यांचे वण दाखवले," मावशी म्हणाली. "झाकले नाय."

तिने तनुजाला पुढं केलं. तनुजाने बाही वर सारली. वाकडा जुळलेला हात सगळ्यांनी पाहिला. सुदर्शन काहीतरी पुटपुटला. मावशीने त्याला मोठ्यानं बोलायला लावलं.

"मी मारलं," तो म्हणाला. सेक्रेटरीपद त्याने तिथंच सोडलं.

मग घोषणा तनुजाने केली, आणि उत्तर द्यायला सुदर्शनलाही तोंड उघडावं लागलं. उपासना संपल्यावर तो रडत, हात जोडत मावशीकडे आला. ती चपला घालत होती.

"क्षमा प्रभूपाशी माग," ती म्हणाली. "माझ्यापाशी नाय."