मानाचा नारळ आणि निळा रंग

चांगल्या चाललेल्या आनंदाचा विचका कसा करावा हे शिकायचं असेल, तर आमच्या थोरल्या साडूंना सोबत घेऊन शोभेची दारू पाहायला जावं. सारं गाव माना वर करून थक्क होत असतं आणि हे रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर वर्गात हजेरी घ्यावी तसे ओरडत असतात. लाल फुटला की "स्ट्रॉन्शियम!", हिरवा फुटला की "बेरियम!", पांढरा चमकला की "मॅग्नेशियम!" शेजारची एखादी बाई हौसेनं "किती छान पिवळा!" म्हणाली, तर तिलाही सोडत नाहीत. "त्यात कवतिक काय? सोडियम हाय. तुमच्या मिठातलंच." ती बिचारी पुढं भाजीत मीठ टाकताना दचकत असेल.

घरातही सुटका नाही. एकदा अक्कानं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, गॅसवर ठेवलेलं वरण उतू गेलं, ज्योत पिवळी झाली आणि यांनी आम्हा सगळ्यांना ओट्यापाशी गोळा केलं. "बघा, अणू तापला की ऊर्जा पोटात घेतो आन् उजेड करून परत देतो. ज्याचा त्याचा रंग ठरलेला!" अणूंनी ऊर्जा परत दिली, वरण मात्र करपलं. त्या दिवशी आम्ही चटणी-भाकरी खाल्ली, तोंडी लावायला सोडियमवरचं भाषण.

अशा माणसाला बेंबळीकडच्या त्यांच्या गावानं जत्रेतल्या दारूकामाचा परीक्षक नेमावं, ही गावाची अक्कल. काम पसंत पडलं की कारागिराला मानाचा नारळ द्यायची तिथली रीत. साडूंनी तिला स्वतःची अट जोडली: अस्सल निळा दिसल्याशिवाय नारळ नाही. "निळा म्हंजे तांबं," ते सांगत. "आच जरा जास्त झाली की रंग मेलाच. तिथंच कारागिराची परीक्षा." भूमहून एक म्हातारे चाचा दरवर्षी दारूकाम घेऊन यायचे. ते दरवर्षी निळा उडवायचे आणि साडू दरवर्षी मान हलवायचे, "राखाडी हाय, चाचा. न्हाय जमलं." मग तो नारळ देवळापुढं फुटायचा आणि खोबऱ्याचा एक तुकडा चाचांच्याही हातावर ठेवला जायचा. आम्हा बाकीच्यांना तो रंग निळाच दिसायचा, पण मास्तरांपुढं बोलणार कोण? मीही कधी बोललो नाही.

मागच्या वर्षी जत्रेआधी साडूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उमरग्याला केलं. सोबतीला मी होतो. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर हायवेवर आलो, तर समोर ताडपत्री झाकलेला ट्रक उभा. साडू बघतच राहिले. "ही ताडपत्री एवढी निळी?"

"निळीच असते ती," मी खवचटपणे म्हणालो. "तांबं घातलं असेल."

ते हसले नाहीत. "डॉक्टर म्हनले, डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं हुतं. कैक वर्षांपासनं. निळा आतच येत नव्हता." घरी पोचेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. या माणसाचं तोंड बंद झालं तर पेढे वाटीन, असं मी नेहमी म्हणायचो. त्या दिवशी मला ते सहन होईना.

जत्रेत साडू नारळ छातीशी धरून उभे होते. लाल झाला, हिरवा झाला, सोनेरी झाला आणि खेळ संपला. ते लगबगीनं चाचांकडं गेले. "निळा कुठं हाय, चाचा?"

"निळा करायचं सोडलं. तुमीच म्हनलाव ना, न्हाय जमत. आता हात बी कापत्यात."

साडूंनी सगळ्यांसमोर डोळ्याची हकिगत सांगितली आणि नारळ पुढं केला. "चूक माझी हुती, चाचा."

चाचांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला. "दिसत नव्हतं तर सांगायचं की, सर," ते म्हणाले. "म्या जरा जवळ येऊन उडवला असता."

यंदा चाचा आले नाहीत, दुसऱ्याच कुणाचं दारूकाम होतं. एक निळा फुटला. मी साडूंना मुद्दाम विचारलं, "तांबं का हो?" ते म्हणाले, "असंल." नंतर लाल फुटला, तरी कुणी काही ओरडलं नाही. मला राहवेना. मीच हळूच म्हणालो, "स्ट्रॉन्शियम."