चार इंचांचा हट्ट : आईला घेऊन कुरखेड्याच्या पुढे

डिसेंबरात आम्ही हरून परत आलो होतो, तिथूनच सुरुवात करते. कुरखेड्याच्या पुढे बऱ्याच अंतरावर डांबर संपतं, मग मुरुमाचा रस्ता लागतो, आणि गाव दीड किलोमीटरवर राहिलं की एक नाला आडवा येतो. पूर्वी त्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, होता. तो पुरात वाहून गेला आणि मागे नुसते धोंडे राहिले. पाणी घोट्याएवढंच होतं. तरी आमची म्हातारी जीप तिसऱ्या धोंड्यावर पोट टेकून बसली ती बसलीच. अलीकडच्या गावच्या चार जणांनी ढकलून मागे काढली. आई डाव्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. "चाल, वापस," एवढं म्हणाली आणि चंद्रपूर येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

त्या गावात बाबांची पहिली नेमणूक होती. पशुवैद्यकीय दवाखाना, दोन खोल्या आणि आठवड्यातले चार दिवस दौरा. आई तेव्हा तेवीस वर्षांची, ब्रह्मपुरीसारख्या गजबजलेल्या गावातून एकदम जंगलात आलेली. शेजारी तिच्याच वयाची एक गोंड मुलगी होती, बिरजा. तिनं आईला मोह वेचायला नेलं, तापात उशाशी बसली, आणि तिसऱ्या वर्षी पाच मोठ्या माणसांसमोर दोघींनी एकमेकींच्या ओंजळीत तांदूळ घालून 'महापरसाद' बांधला. तिकडे जिवाभावाची मैत्री अशी बांधून घेतात. ती बांधली की जन्मभर एकमेकींना महापरसाद म्हणायचं, नावानं हाक मारायची नाही. बदल्या होत गेल्या, मी झाले, पण दर दोन-तीन वर्षांनी बाबा आईला जीपमध्ये घालून तिकडे नेत.

दीड वर्षापूर्वी बाबा गेले. गावात फोन लागत नाही. ब्रह्मपुरीला शिकणारी तिथली एक मुलगी निरोप न्यायला तयार होती, पण आईनं तिला शपथ घातली. "ते मी सांगन. माह्या महापरसादले ते लोकायच्या तोंडून कळू नये." आई शहात्तर वर्षांची. बिरजामावशीचं वयही तेवढंच. दोघींपैकी कुणाकडे किती वेळ आहे, हे काय सांगावं? म्हणून ठरवलं, गाडीच उंच करायची.

जीप बाबांनी सरकारी लिलावात घेतलेली, फोर-व्हील-ड्राइव्ह, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मी एकोणपन्नासची, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. मोठ्या शहरात उंची वाढवायचे तयार संच मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून वाटलं, एवढ्यात दुसरी जीपच येईल. मग मी काम करते त्या लॅबमधल्या एकानं ब्रह्मपुरीच्या रशीदभाईंचं नाव सांगितलं. तीन पिढ्या गाडीखालच्या कमानपाट्यांचं, म्हणजे लीफ-स्प्रिंगचं काम, ट्रक-ट्रॅक्टर सगळं.

पहिला दिवस : चंद्रपूर ते ब्रह्मपुरी

मार्चचा दुसरा आठवडा. सकाळी सहाला निघालो, मूल-सिंदेवाही करत. रस्ता चांगला आहे, पण मूलच्या पुढे जंगलात वेग आवरा, रानडुकरं विचारून रस्ता ओलांडत नाहीत. सिंदेवाहीला आलूबोंडा आणि वर तर्री घेतली. आईनं तर्री परत पाठवली, मग माझ्या ताटलीतली अर्धी खाल्ली. पुढे धान काढून घेतलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि कुठे कुठे लाखोळीच्या डाळीचं पीक. इथे बाबा हमखास गाडी थांबवून कुणाच्या तरी बैलाकडे बघत उभे राहायचे आणि आम्ही गाडीत तापत बसायचो. तेव्हा त्यांचा राग यायचा. या वेळी मी आपणहून थांबले. बैल नव्हता, ट्रॅक्टर होता. आई म्हणाली, "काय पायतं? चाल."

आईला ब्रह्मपुरीत सुमनमावशीकडे, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीकडे, सोडलं आणि रशीदभाईंचं दुकान गाठलं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, कोळशाची भट्टी आणि जुन्या पाट्यांचा ढीग. रशीदभाई सत्तरीला आलेले. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाटे बघितले.

"मालक जाडे होते का हो, बाई?"

"हो. माझे वडील. काऊन?"

"उजवीकडचा पाटा पुरा दबला. डावीकडचा बरा हाय. बरसोंसे एकच मानूस चालवून राह्यला असन."

ही जीप उजवीकडे कलते, हे मला कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. ती सगळ्याच जिपांची तऱ्हा असेल असं वाटायचं. बाबांचं वजन त्या लोखंडात जाऊन बसलंय, हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं.

आता ज्यांना असं काम करायचंय त्यांच्यासाठी. स्वस्तात उंची वाढते ती अशी : जुने पाटे उतरवून, ठोकून त्यांना पुन्हा कमान द्यायची, प्रत्येक बाजूला एकेक पाटा वाढवायचा, आणि पाटा ज्या कडीनं चासीला लटकतो ते शॅकल थोडं लांब घालायचं. त्याबरोबर यू-बोल्ट लांब लागतात आणि शॉकअपही. ब्रेकचे रबरी पाईप ताणले जात नाहीत ना, हे स्वतः वाकून बघा. मजुरी-सामान मिळून नऊ हजारांच्या आत झालं. काम सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

"दोन इंच देतो," रशीदभाई म्हणाले.

"चार द्या."

"चार कायले? दोन इंचात नाला निंघते. जास्ती उंच केली तं गाडी डोलते, स्टिअरिंग भटकते."

"भाऊ, मी डिसेंबरात तिथून वापस आली. आता एक धोंडाही लागला नाही पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भट्टीकडे. "गाडी उंच करनं सोपं हाय, बाई. बसनाऱ्याले उंच कोन करन?" मला वाटलं, म्हातारा टंगळमंगळ करतोय. माझा हट्ट मी सोडला नाही, आणि इथेच मी माती खाल्ली.

दिवसभर लोखंडी स्टुलावर बसून ते काम बघितलं. पाटा ऐरणीवर धरून घणाचे घाव, मध्येच थांबून एक डोळा मिटून कमान बघणं, पुन्हा दोन घाव. संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरली. ताठ, उंच, आणि सरळ. उजवीकडचा कल गेला होता. मी त्यांचं कौतुक केलं, पैसे दिले, आणि गाडीत बसल्यावर मला रडू आलं. बाबा गाडीतून उतरून गेले असं वाटलं, आणि उतरवणारी मीच होते.

दुसरा दिवस : ब्रह्मपुरी, वडसा, कुरखेडा आणि पुढे

सकाळी आठला सुमनमावशीच्या दारात गाडी लावली. आई नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन बाहेर आली. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. उजवा पाय उचलला, तो पायरीच्या एक वीत खालीच राहिला.

"हे काय करून ठेवलं व तू?"

ज्या बाईसाठी गाडी उंच केली तिचे गुडघे मी मोजलेच नव्हते. नाल्यातला एकेक धोंडा माझ्या स्वप्नात येत होता, आईचे गुडघे एकदाही आले नाहीत. सुमनमावशी ओट्यावर बसून हसायला लागली. "नातवाले सांगून शिडी आनू का?" मग प्लास्टिकचं स्टूल आलं. मावशी ड्रायव्हरच्या सीटवरून हात ओढायला, मी खालून ढकलायला, शेजारीण स्टूल धरायला. तिसऱ्या खेपेला आई वर पोचली. घाम पुसला, पदर सारखा केला, आणि जाहीर केलं, "आता मी गाव येवाच्या आंधी उतरत नाई."

वैनगंगेचा पूल ओलांडला, वडशाला चहा घेतला. चहावाल्यानं आईचा कप टाचा उंचावून वर दिला. "मायबाई, हत्तीवर बसल्या का?" आई प्रसन्न झाली. खरं सांगायचं तर त्या उंचीवरून तिला सगळं दिसत होतं, आणि ती बोलायला लागली होती. इथे पहिल्यांदा बस बंद पडली, तिथे बाबांनी टरबूज घेतलं ते आतून पांढरं निघालं, या वळणावर तू उलटी केलीस. मी स्टिअरिंग सांभाळत ऐकत होते. रशीदभाई बोलले होते तसंच झालं. गाडी डोलत होती, स्टिअरिंग भटकत होतं, आणि नवे पाटे इतके कडक की प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यात मोजता येत होता. पन्नासच्या वर वेग नेला नाही. तुम्हीही नेऊ नका.

कुरखेड्यात डिझेल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. डांबर संपल्यावर आईनं पिशवी मांडीवर घेतली. नाल्याशी गाडी उभी केली, उतरून चालत पलीकडे जाऊन आले, कुठलं चाक कुठल्या दगडावर ठेवायचं ते ठरवलं. मार्च असल्यानं पाणी नव्हतंच. फोर-व्हीलचा दांडा टाकला, पहिला गिअर, क्लचवरचा पाय काढला. जीप एका बाजूला इतकी कलली की आईची पिशवी माझ्या मांडीवर आली. आईनं दांडी घट्ट धरली होती, डोळे उघडे. पहिला धोंडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर चाक चढवलं. खालून काहीही आवाज आला नाही. पलीकडे चढलो तेव्हा आईनं नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

गावात अंगणा-अंगणात मोह वाळत होता, तो ओलसर गोड वास. बिरजामावशी पाठमोरी, वाकून फुलं पसरत होती. मी गाडी थांबवायच्या आत आईनं हाक मारली, "महापरसाद!"

ती वळली. तळहात कपाळाला लावून बघत राहिली, मग हसत आली आणि चाकावर थाप मारली. "जोहार व महापरसाद! काऊन एवढी उंच होऊन आलीस?"

आई उतरायला गेली आणि "अगाई" करून तिथेच थांबली. त्या धक्क्यांनी गुडघा सुजून गच्च झाला होता. मी एक बाजू धरली, मावशीच्या मुलानं दुसरी, पण पाय हलवला की ती कळवळायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी आणली आणि सहा हात अंतरावर अडकली.

"राहू द्या तिले तिथी," बिरजामावशी म्हणाली. गाडीला वळसा घातला, चाकावर एक पाय दिला, दांडी धरली आणि सरळ वर चढली. शहात्तर वर्षांची बाई! जन्मभर झाडावर चढलेली, तिला चार इंचांचं काय? बाबांच्या सीटवर बसली, स्टिअरिंगवर हात ठेवले, आणि मागे वळून बघितलं.

"साहेब कुठी हायेत? नाल्याजवळ उतरले का?"

आईनं पिशवीतून बाबांचा चश्मा काढला. तो तिनं बरोबर घेतलाय हे मलाही ठाऊक नव्हतं. चश्मा मावशीच्या हातात दिला आणि म्हणाली, "गेले व ते. दीड साल झालं. तुले मीच सांगाले येत होती, पोचलीच नाई."

मावशीनं चश्मा दोन्ही हातांत धरला. काचा पदरानं पुसल्या. मग आईचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, आणि आई रडली. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती, तेव्हा लोकांना चहा-पाणी बघत होती. मी खाली मोहाच्या फुलांशेजारी बसले. मावशीची सून मला पाण्याचा लोटा देऊन गेली.

दुपार दोघींनी जीपमध्येच काढली. तांदळाची भाकर आणि लाखोळीची भाजी खालून वर दिली. कुठल्या गाईनं बाबांना चिखलात पाडलं होतं, लस टोचायला आले की गाव कसं जंगलात पळायचं, असं काय काय ऐकू येत होतं. मध्येच दोघी हसायच्या. उन्हं कलली तशी चार बायांनी बाज टेकवून आईला एकदा खाली घेतलं आणि पुन्हा वर चढवलं. निघताना मावशीचा मुलगा म्हणाला, "बुढीले म्हनलं होतं, फटफटीवर बसवून ब्रह्मपुरीले नेतो. तिले भेव लागते, बसतच नाई."

घरी

आईच्या गुडघ्याची सूज उतरायला आठ दिवस लागले. मी रोज गरम पाण्यानं शेकत होते आणि रोज स्वतःला शिव्या देत होते. उंच गाडी गावापर्यंत पोचते, पण आई तिच्यात चढू शकत नाही. खाली केलेल्या गाडीत आई चढेल, पण ती नाल्याशी अडेल. शेवटी ठरवलं की आई महत्त्वाची. तिच्यासमोरच रशीदभाईंना फोन लावायला घेतला.

"कायले फोन करून राह्यली?"

"गाडी खाली करून घेते, आई. रविवारी नेते."

"नको करू. राहू दे उंच."

मी नंबर दाबायची थांबले. वाटलं, हिचं सांगायचं होतं ते सांगून झालं, आता हिला कुठेच जायचं नाही. मी तिच्यावर खेकसले. "असं नको बोलू. तुला अजून फिरायचं आहे. माझी चूक मी दुरुस्त करते ना!"

आईनं शेकायची पिशवी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजूनही शाळेत आहे आणि गणित चुकलंय.

"येडी. मोह सरला का महापरसाद येनार हाय इथी, महिनाभर. तिनं चंद्रपूर नाई पायलं अजून. पन्नास सालं मीच जात होती तिच्याकडे, आता तिनं येवाले पाह्यजे का नाई? खाली केल्यावर तिले आनशीन कशी?"

मी फोन खिशात टाकला. मोह सरायला अजून तीन आठवडे आहेत.