बडेबाबूंनी मास्क काढला त्या दिवशी

माझे वडील तहसील कचेरीत बडेबाबू होते, म्हणजे हेडक्लार्क. त्यांच्या अख्ख्या नोकरीत अर्ज घेऊन आलेला माणूस पहिल्याच खेपेत काम होऊन घरी गेला, असं कधी झालं नाही. तिकीट लावलं तर सही नाही, सही आहे तर तारीख नाही, सगळंच आहे तर मग समास सोडलेला नाही. खेड्यातून एसटीनं आलेला म्हातारा हात जोडून उभा राहायचा आणि बाबा चष्म्यावरून पाहून म्हणायचे, "नियम म्हणजे नियम." घरी आम्हालाही तेच. वरणात मीठ जास्त झालं तरी आईला लेखी खुलासा मागतील की काय, अशी मला लहानपणी भीती वाटायची.

मग लॉकडाऊन लागला आणि निवृत्त बडेबाबूंना जणू पुन्हा खुर्ची मिळाली. माणूस दहा वर्षांनी तरुण झाला हो! फाटकाबाहेर दूधवाल्यासाठी चुन्याची रेघ आखली. त्या रेघेच्या आत चप्पल आली म्हणून एकदा दूध परत पाठवलं आणि आम्ही सगळ्यांनी काळा चहा प्यायला. शेजारच्या काकांचा मास्क हनुवटीवर दिसला की बाबा गच्चीवरून ओरडायचे, "नाक! नाक झाका!" फोनवर बोलतानासुद्धा मास्क हवा. मी म्हटलं, बाबा, फोनमधून नाही लागत. तर म्हणे, "सवय पाह्यजे." मी मार्चमध्ये दोन दिवसांसाठी म्हणून दिग्रसला माहेरी आले होते आणि नवरा वणीला खाणीच्या नोकरीत अडकलेला. पास मिळेना. त्यामुळे हे सगळं मी तीन महिने फुकट पाहिलं.

फुकट म्हणजे, कापसासकट. त्या वर्षी बाजार बंद, खासगी व्यापारी भाव पाडून मागत होते, आणि सरकारी खरेदीचा नंबर लागता लागत नव्हता. आमच्या शेतातला कापूस घरातच मुक्कामाला. पुढची खोली छतापर्यंत भरलेली, आईबाबांच्या खोलीत पलंगापर्यंत. कापूस दिसायला गादीसारखा असतो, पण उन्हाळ्यात त्याच्यासोबत राहून पाहा. आईच्या अंगावर लाल चट्टे उठले. खाजवून खाजवून दंड सोलले गेले. डॉक्टर फोनवर म्हणाले, औषधानं काय होणार, तो कापूस आधी घराबाहेर काढा. तिला आम्ही स्वयंपाकघरात हलवलं. सहा आठवडे ती बिचारी गॅसच्या सिलिंडरशेजारी झोपत होती. मृग तोंडावर आलेला, आणि पाऊस लागला की खरेदी बंद, असं केंद्रावर सांगून टाकलेलं.

"यक त हा कापूस जाईन, नाही त मी जाईन," आई म्हणाली. आई असं बोलणारी बाई नव्हे.

जूनच्या सुरुवातीला मोबाइलवर मेसेज आला, उद्या आपली गाडी आणा. ट्रॅक्टर ठरवला, कापूस भरला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, एकावर एक दोन मास्क चढवले, सातबारा आणि आधार प्लास्टिकच्या फाइलीत ठेवले. मीही निघाले, कारण या माणसाला एकट्याला कुठे पाठवायची सोय नसते.

खरेदी गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात होती. फाटकावर टेबल, टेबलाशी एक मुलगी. तोंडावर मास्क, डोक्याला ओढणी, हातात पाण्याची बाटली, तिच्या झाकणाला भोक पाडून आत सॅनिटायझर भरलेला. नियम तीनच: मास्क, हातावर सॅनिटायझर, कागद. मग गाडी आत. आमच्यापुढचा गडी उघड्या तोंडाचा होता. म्हणाला, "ताई, माह्या नाकाले हवा पाह्यजे."

"हवा बाहेर आहे, वजनकाटा आत आहे," ती म्हणाली. "काय पाह्यजे ते ठरवा." आणि त्याची गाडी बाजूला लावली.

बाबांच्या डोळ्यांत आनंदाश्रू यायचे बाकी होते. "पाह्य," मला म्हणाले, "याले म्हणतेत कर्मचारी. कोण्या चांगल्या घरची पोरगी दिसते." चेहऱ्याचं दीड बोट दिसत होतं, त्यावरून त्यांनी घर ओळखलं. आमचा नंबर आला. बाबांनी कागद दाखवले, सॅनिटायझरसाठी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि कौतुकानं विचारलं, "मॅडम, आडनाव काय तुमचं?"

आता हा प्रश्न आमच्याकडे कोणी सहज विचारत नाही. आडनाव कळलं की माणसाची गल्ली कळते, बाप काय करत होता ते कळतं, खुर्ची द्यायची की सतरंजी तेही कळतं. एरवी विचारावंही लागत नाही, लोक तोंड पाहून अंदाज बांधतात. पण त्या मास्कनं सगळ्यांची पंचाईत करून ठेवली होती.

ती हसली. डोळ्यांवरून कळलं हसली ते. "काकाजी, मले ओळखलं नाही का जी?" तिनं आपल्या वडिलांचं नाव सांगितलं. "तुमच्या वावरात सालदार होते न. त्यायची लहानी पोरगी मी."

तिचे वडील म्हणजे वर्षाच्या बोलीवर आमच्या शेतात राबणारा माणूस. बुद्धविहारामागच्या मोहल्ल्यात घर. माझ्या जन्माआधीपासून ते माझ्या लग्नापर्यंत आमच्याकडे कामाला. बाटली अर्धी वाकली होती. बाबांनी ओंजळ सोडली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"राहू दे. माहे हात साफ आहेत."

"काकाजी, सगळ्यायलेच घ्यावं लागते."

आणि मग बाप्पा, काय सांगू! बडेबाबूंना एकाएकी श्वास लागला. तीन महिने फोनवर मास्क लावून बोलणारा माणूस, त्याला त्याच क्षणी कळलं की मास्कनं जीव गुदमरतो. एक मास्क काढला, घडी घातली, खिशात ठेवला. दुसरा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. शिस्त शेवटपर्यंत सोडली नाही. म्हणाले, "हे सारं थोतांड आहे. मास्कनं का रोग थांबते?"

"थांबते का नाही ते मले नाही माहीत जी. मास्क नसला त गाडी आत जात नाही, एवढं माहीत आहे."

"तू मले नियम शिकवून राह्यली का? इचार तुह्या बापाले मी कोण आहो ते!"

"बाबाले माहीत आहे न तुम्ही कोण आहा. मास्क लावा, काकाजी."

आवाज तिनं तसूभरही चढवला नाही. तिथेच सगळा घोटाळा झाला. ती भांडली असती तर बाबांना बरं वाटलं असतं.

मग काय, तमाशा. मघाचा तो हवा पाहिजेवाला लगेच बाबांच्या बाजूला येऊन उभा राहिला. ज्याला दहा मिनिटांपूर्वी बाबा मनातल्या मनात दंड ठोकत होते, तो आता त्यांचा साथीदार. "बडेबाबूसारख्या माणसाले आडवते म्हणजे काय?" कोणी म्हणालं, कोरोना का कापसाले लागते? कोणी म्हणालं, तोंड झाकाले आम्ही का बाया आहो? मागच्या गाड्यांवरचे ओरडत होते, "ओ म्हतारबुवा, लावा न ते फडकं! पाणी आलं त सारा कापूस वल्ला होईन!" दोन तट पडले. अंतर ठेवा अशी पाटी होती, तिला टेकूनच चारपाच जण एकमेकांच्या तोंडात तोंड घालून भांडत होते. त्यात एक पुढारी आले. मास्क अर्थातच हनुवटीवर. "हा शेतकऱ्याचा अपमान आहे!" असं जोरात म्हणाले, टाळ्या पडल्या. मग कार्यकर्त्यानं मोबाइल काढला तसा त्यांनी मास्क नाकावर ओढला, फोटो होऊ दिला आणि पुन्हा खाली घेतला.

आईचा फोन आला. इकडं अंधारून येऊन राह्यलं, माप झालं का? मी म्हटलं, होतंच आहे. दुसरं काय सांगणार होते? आभाळ आमच्याही डोक्यावर काळं झालं होतं आणि ताडपत्री एकच, तीही फाटकी. मी टेबलाशी गेले, म्हटलं मी मास्क लावून गाडी आत नेते, यांना बसू दे बाहेर रुसून. पण सातबारा बाबांच्या नावावर, आणि ज्याच्या नावावर तो माणूस समक्ष हजर हवा. दुसरं कोणी चालत नाही. बाबांनी हे वाक्य लोकांना किती वेळा ऐकवलं असेल देव जाणे.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी बापाला म्हटलं, "बाबा, तोंड झाकलेलं होतं तोवर ही चांगल्या घरची पोरगी होती. मग काय झालं? रोग तिच्या आडनावात आहे का? तिकडे आई अंग सोलून घेत आहे आणि तुम्हाला इथं जात आठवते?" कोणीतरी शिटी मारली. बाबा म्हणाले, "तू चूप बस," पण आवाजात दम नव्हता. आणि खरं सांगू, मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. शाळेत पंधरा वर्षं मुलांना समतेचा धडा शिकवते, आज फाटकावर करून दाखवला, असं वाटलं. मुलीकडे पाहिलं, तिला कौतुक वाटलं असेल म्हणून. ती मागच्या माणसाचे कागद तपासत होती.

तेवढ्यात पुढारी बाबांच्या कानाशी लागले. "बडेबाबू, माह्याही दोन गाड्या लायनीत आहेत. आटपा न आता." झालं, शेतकऱ्याचा अपमान संपला. साथीदारानं तर केव्हाच रुमाल बांधून आपली गाडी आत घातली होती. बाबा एकटे उभे, हात अजून पाठीमागेच. म्हातारा माणूस, भर गर्दीत, परत फिरायची वाट सापडेना. मला राग होता, पण त्या क्षणी त्यांच्याकडे पाहवेना.

वाट तिनंच करून दिली. बाटली टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली. "काकाजी, तुमच्या हातानं घ्या. मी इकडं उभी राह्यते."

बाबांनी खिशातून मास्क काढला, लावला. बाटली उचलली, हातावर कमी आणि मातीत जास्त ओतली, आणि लढाई जिंकल्यासारखे ट्रॅक्टरमागून आत गेले. पावसाचे चार थेंब पडले तेव्हा आमचा कापूस शेडखाली होता.

मग मी पुढे झाले. हातांची ओंजळ केली. तिनं बाटली अगदी माझ्या तळहाताला टेकेल इतकी जवळ आणली.

"घ्या ताई. मी उंचावरून नाही टाकत," ती म्हणाली आणि हसली. "बाबा सांगतेत न, तुम्ही लहानपणी लय उंचावरून पाणी टाकत होत्या म्हने. पन एक थेंब सांडू नाही द्यायच्या."

टोमणा नव्हता. घरात ऐकलेली एक गंमत तिनं मला सांगितली, बस. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

आमच्या मागच्या दाराशी एक दगड होता. तिचे वडील शेतातून आले की त्यावर उकिडवे बसायचे आणि ओंजळ तोंडाशी न्यायचे. मी पायरीवर उभी राहून लोट्यानं पाणी सोडायची. लोटा त्यांच्या हाताला लागू द्यायचा नाही, एवढंच मला सांगितलेलं. उंचीचा खेळ माझा. टाचा उंच करून, हात डोक्यावर नेऊन, बारीक धार. ते पाणी पिऊन झालं की म्हणायचे, "वा बाईसाहेब!" मी नऊ वर्षांची होते आणि आईनं ते काम दुसऱ्याला सांगितलं तर मी रडायची. त्यांचे हात कसे होते ते मला आजही आठवतं, आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे कधी पाहिलं असेल तर ते आठवत नाही. हे सगळं मी विसरले होते असंही नाही. कधी मोजलंच नव्हतं. आणि पाच मिनिटांपूर्वी मी तिथेच उभी राहून बापाला समता शिकवत होते. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा कसे आहेत?" एवढंच सुचलं.

"मस्त आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता लांबचं दिसते. तुमचं नाव काढतेत नेहमी. या न ताई घरी, चहा प्यायले."

"हो हो, नक्की येते," मी म्हटलं.

आईला तिची खोली मिळाली, चट्टे पंधरा दिवसांत गेले. बाबांनी गल्लीभर सांगितलं की जिनिंगवर त्यांनी एकेकाला कसं सरळ केलं. मी माझं भाषण शाळेतल्या बायांना सांगितलं, दोनदा. बाटलीचं नाही सांगितलं.

चहाला गेले नाही. आधी लॉकडाऊन होता. मग शाळा सुरू झाली. मग इतके दिवस झाले, आता कोणत्या तोंडानं जायचं, असं झालं. माहेरच्या घरापासून पाच मिनिटांचा रस्ता आहे. मागच्या दिवाळीत स्कूटीवरून त्या बाजूनं गेले तर तिचे वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात अर्धा वर केला. मी गळ्यातला स्कार्फ नाकापर्यंत ओढला आणि गाडी पुढे काढली.