हरिकेनला कुंकू

करमाळ्याच्या स्टँडवर आईने पाटा-वरवंटा एसटीच्या टपावर चढवायला लावला, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मावशी, देऊळच हलवताय व्हय?"

"वरवंटा आडवा ठेव," आई म्हणाली. "गडगडला तर तुज्याच डोक्यात पडंल."

सामानाची यादी माझ्या हातात होती आणि तिच्यात पाटा-वरवंटा नव्हता. तुळशीची कुंडी नव्हती, फुटक्या कानाची बरणी नव्हती, आणि शेजारच्या चंपाबाईने आयत्या वेळी दिलेला भोपळाही नव्हता. मी यादीशिवाय दळणालासुद्धा जात नाही. पण आईला घर सोडायला लावणं हे एकच काम असं निघालं, की त्याची यादी स्टँडपर्यंतही टिकली नाही. गाडी सुटली तशी ती खिडकीतून बाहेर न बघता सरळ समोर बघत बसली आणि म्हणाली, "दसऱ्यापतुर. न्हाय करमलं तर माघारी. मग तू बोलायचं न्हाय."

करमाळ्यातच राहिलेले तुम्ही यावर हसाल. पुण्या-मुंबईला किंवा त्याहून लांब गेलेले तर जास्तच हसाल. करमाळा ते सोलापूर, त्याच जिल्ह्यातला एसटीचा प्रवास, याला काय स्थलांतर म्हणायचं? माझ्यासाठी ते नव्हतंच. मला टेलिफोन ऑफिसात नोकरी लागली, मी ट्रंक घेऊन आले, ट्रंककॉल जोडायच्या बोर्डावर बसले आणि पहिल्या आठवड्यात 'नंबर प्लीज' म्हणायला शिकले. पण आईसाठी सोलापूर म्हणजे परका मुलूख. शेजारीण तेलुगूत बोलते, घरमालक कानडीत चिडतो, भाजीवाला भलत्याच हिंदीत भाव सांगतो. तिच्या मते मराठीत बोलायला तिथे फक्त मी होते, आणि मी ड्यूटीवर.

पण तिला आणणं भाग होतं. वडील गेल्यापासून ती एकटी होती. त्या उन्हाळ्यात ती आठवडाभर तापाने पडून होती आणि मला कळलं ते चंपाबाईच्या पत्रातून, ताप उतरल्यावर. जिल्हाभरातल्या लोकांची बोलणी जुळवून देणारी मी, आणि माझ्या आईचा ताप मला पोस्टाने कळतो! ती सोलापुरात रमली नाही तर मी नोकरी सोडून परत जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला मात्र सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी रमल्याचं नाटक करू लागली असती, आणि ते मला चाललं नसतं.

आमची खोली घरमालकांच्या, म्हणजे अप्पांच्या, घरात मागच्या बाजूला होती. अप्पा हवाई दलातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्या महायुद्धात अगदी पोरसवदा वयात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानं दुरुस्त करत होते. हरिकेन नावाचं, एकच माणूस बसणारं लढाऊ विमान, त्यावर त्यांचा फार जीव. विलायतेतल्या भाच्याने त्यांना त्याच विमानाच्या नमुन्याचा भलामोठा खोका पाठवला होता. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडायचे, रंगवायचे, की खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढं विमान तयार. पंख पसरले की पुढच्या खोलीतलं टेबल भरून जायचं. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, जेवणाची ताटं तेव्हापासून जमिनीवर मांडावी लागत.

अप्पांना नुसतं विमान नको होतं, त्यांचं स्वतःचं विमान हवं होतं. खोक्यातलं आठ मशीनगनवालं निघालं. "माझं चार तोफांचं होतं की," असं म्हणून त्यांनी आठही भोकं बुजवली आणि बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलींच्या तोफा बसवल्या. रंग खोक्यात आलेच नव्हते. ते त्यांनी दुकानातला ऑइलपेंट आणून काकूंच्या वाट्यांमध्ये कालवले. वरून माती आणि गर्द हिरवा, खालून समुद्राचा करडा. तकाकी नको म्हणून त्यात अंगाला लावायची पावडर मिसळली. त्या दिवसांत विमानाला वास यायचा तो लग्नातल्या नवरदेवाचा.

"हा समुद्राचा रंग?" आईने विचारलं.

"सी ग्रे म्हणतात त्याला, बाई."

"आसंल. मी कुटं समुद्र बघितलाय." मग जरा थांबून, "तुमी बघितलाय का?"

अप्पा ब्रश धुवायला उठले. ब्रह्मदेशाला ते रेल्वेने आणि ट्रकने गेले होते, हे मला काकूंनी नंतर हळूच सांगितलं.

सगळ्यात मोठा नियम लाल रंगाचा. विलायतेच्या विमानांवर निळं-पांढरं-लाल गोल चिन्ह असायचं. पण जपानी विमानावर लाल गोळा. ब्रह्मदेशाच्या जंगलात खालून तोफा चालवणाऱ्याला लाल दिसलं की तो आधी उडवायचा, विचार नंतर. म्हणून तिथल्या आपल्या विमानांवरचा लाल काढूनच टाकला होता. निळ्या कड्यात फिकट निळा ठिपका, बस्स. खोक्यातली चिकटवायची चिन्हं लाल होती, ती अप्पांनी बंबात घातली आणि नवी हाताने रंगवली. "शालिनीबाई, ह्या विमानावर टाचणीच्या टोकाएवढा लाल दिसला तर समजा मेलो," ते मला म्हणाले. दसऱ्याला बंगळूरहून पिल्ले येणार होते, त्यांचे आघाडीवरचे सोबती, त्याच विमानावर काम केलेले. त्यांना दाखवण्यासाठी तर सगळा खटाटोप.

मी आईसाठी सूचनांची यादी केली आणि वाचून दाखवली. विमान पुसायचं नाही. उन्हात सरकवायचं नाही. त्याच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. आईने प्रत्येक सूचनेला "व्हय" म्हटलं.

नवरात्र बसलं. आईने खोलीत घट बसवले, पण तिचं चित्त करमाळ्यात, कमळाभवानीच्या देवळात. "आता तितं आरती चालली आसंल," दिवसातून इतक्या वेळा म्हणायची, की देवी दिवसभर दुसरं काही करत नसावी असं मला वाटू लागलं. पाचव्या माळेला तिने ट्रंक झटकून ठेवली. सातव्या माळेला बरणी कापडात बांधली. मी बघत होते आणि राजीनाम्याच्या अर्जाचा मायना मनातल्या मनात जुळवत होते.

खंडेनवमीला माझी सकाळची शिफ्ट होती. अप्पा दाढी करायला गेले होते, काकू सिद्धेश्वराला. मी घरी परतले तर अप्पा अंगणात उभे, अर्ध्या दाढीचे. न्हाव्याकडून मधूनच चष्मा न्यायला आले होते म्हणे.

"बघा की! काय करून ठेवलेत बघा की!" त्यांनी आत बोट दाखवलं. "जपानी करून टाकलेत की हो माझ्या विमानाला!"

मी आत गेले. आईने नवमीची पूजा मनापासून केली होती. विळीला हळद-कुंकू, पाट्याला हळद-कुंकू, अप्पांच्या सायकलच्या हँडलला झेंडूची माळ. आणि टेबलावर हरिकेन. दोन्ही पंखांवर मधोमध एकेक गोल, ठसठशीत, लालभडक कुंकू. टिकून राहावं म्हणून तेलात कालवलेलं. नाकावर तिसरं. वैमानिकाच्या जागी झेंडूचं फूल बसलेलं.

"आई, हात लावायचा नाही म्हटलं होतं ना?"

"हात कुटं लावला? बोट लावलं." आणि मग शांतपणे, "ते हत्यार हाय का न्हाय?"

"आहे."

"आज नवमी हाय का न्हाय?"

"आहे."

"मग?"

माझ्या यादीत खंडेनवमी नव्हती. अप्पा दारातून ओरडले, "अहो, हत्यार आहे म्हणूनच लाल नको होता!" आईला यातलं अक्षर कळलं नाही. तिला एवढंच कळलं, की सणाच्या दिवशी एका शिकल्या-सवरल्या पुरुषाने पूजेवरून आरडाओरडा केला. अप्पांनी रॉकेलचा बोळा फिरवला. कुंकू निघालं नाही, पसरलं. हिरवा-मातकट पंख डाळिंबाच्या सालीसारखा झाला. मग अप्पा असं बोलले, जे काकू घरात असत्या तर बोलले नसते: "महिनाअखेर खोली रिकामी करून द्या."

"महिनाअखेर कशाला?" आई म्हणाली. "उद्याच्या दुपारच्या गाडीनं जाते की. लेकीवर कशाला राग काढताय, ती यादीपरमाणं वागती."

दसऱ्याच्या सकाळी ट्रंक अंगणात आली. पाट्याला सुतळी बांधून झाली. पिल्लेसाहेब रिक्षातून उतरले ते आमच्या वरवंट्याला अडखळूनच. उंच, पांढऱ्या केसांचे, हसरे. पुढच्या खोलीत गेले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. तोफा मोजल्या. खालचा करडा बघून मान हलवली. मग गुलाबी पंखाकडे बोट करून विचारलं, "ये क्या हुआ?"

अप्पांनी सगळा गुन्हा हिंदीत सांगितला. माझ्या आईचा उल्लेख 'वो औरत' असा झाला. आम्ही दोघी अंगणात, दार उघडं.

पिल्लेसाहेब इतके हसले की त्यांना खोकला लागला. "अरे, तू ही तो लगाता था! हर साल! इंजन का ढक्कन खोलके, अंदर! साहब से छुपाके!"

आतून काकूंचा आवाज आला, एका एका शब्दावर जोर देत: "मला हे कधी सांगितला नाहीत."

आईने माझ्याकडे पाहिलं. आपल्याला हिंदी येत नाही असं ती सांगायची.

थोड्या वेळाने अप्पा बाहेर आले. हातात विमान, नाकावरचं झाकण काढलेलं, आत इंजिन उघडं पडलेलं. त्यांनी माफी मागितली नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांना ती मागताना कधी पाहिलं नाही. ते विमानाकडे बघतच बोलले, "आक्का, पिल्ले म्हणतोय आतून लावायचं राहिलंय. तसं बरोबरच आहे त्याचं. खऱ्याला होतं, तर ह्याला पण पाहिजे की." आतापर्यंत ते तिला 'बाई' म्हणत.

आई ट्रंकेवर बसलेली. "आंगोळ केली का?"

"केलो की."

"चप्पल काडा मग."

तिने ट्रंक उघडली, करंडा काढला आणि इंजिनावर करंगळीच्या टोकाने इवलंसं कुंकू टेकवलं. तेल न घालता, कोरडं. झाकण बसल्यावर ते कुणालाही दिसलं नसतं, खालच्या तोफवाल्यालाही नाही. मग गुलाबी पंखाकडे बघून म्हणाली, "ह्याला रंग द्यायला लागंल परत. किती दिस वाळतो तो?"

"एक हात दिला की दोन दिवस. दोन हात लागतील."

"पावडर जास्त घाला. मागच्या टायमाला चकाकत होता." आणि माझ्याकडे वळून, "ते वाळूस्तवर कशी जाऊ? माज्यामुळं झालंय."

दुपारची गाडी गेली. पाट्याची सुतळी काकूंनी सोडली. पिल्लेसाहेबांनी चंपाबाईच्या भोपळ्याच्या घाऱ्या खाल्ल्या आणि आईला आपट्याचं पान देऊन वाकून नमस्कार केला. आईने त्यांना हिंदीत आशीर्वाद दिला. हिंदी वाईट नव्हती.

तो रंग वाळला, तोवर अप्पांना शेपटीवरची पट्टी पसंत पडेना. ती झाली, तोवर भाच्याचा दुसरा खोका आला. काही ना काही वाळत असायचंच, आणि त्यावर माशी बसू नये म्हणून आई शेजारी निवडायला बसायची. शेजारणीची तेलुगू तिला कधी कळू लागली ते मला कळलंच नाही. राजीनाम्याचा मायना मी विसरून गेले.

आता मी त्या वेळच्या आईच्या वयाची होत आले आहे. 'तुमचं गाव कुठलं' असं कुणी विचारलं की करमाळा सांगते आणि 'घर कुठं' विचारलं की सोलापूर. दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण ही वाटणी माझी नाही, आईची. पुढच्या वर्षी आम्ही कमळाभवानीच्या दर्शनाला करमाळ्याला गेलो होतो. चंपाबाईच्या ओट्यावर बायका जमल्या, चहा झाला. राहा की चार दिवस, म्हणून सगळ्यांनी आग्रह धरला.

"न्हाय बाई," आई पदर खोचत उठली. "घरी जायला पायजे. विमान वाळत घातलंय."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ती घरी म्हणाली ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळ्या विमानावरच अडकल्या होत्या.