धोंड्याच्या महिन्यातले रॉड होल्डर

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, असं आमच्याकडे मानतात. त्याला पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं, आणि तो जे बोलेल त्याला घरादाराने माना डोलवायच्या. आमच्या दाजींना नारायण व्हायला अधिक महिना लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

यंदा धोंडे खायला ते ताईला घेऊन पुण्याहून आले, ते हातात एक खोकं मिरवतच. खोक्यात चकचकीत स्टीलचे दोन रॉड होल्डर होते. भंडारदऱ्याच्या पाण्यावर माझी मासेमारीची छोटी फायबरची बोट आहे. गळाच्या काठ्या उभ्या करायला मी तिच्या काठावर पीव्हीसी पाइपचे तुकडे तिरके बसवले होते. दिसायला गरीब, पण आरपार बोल्ट आणि आतल्या बाजूने सागाची फळी. ती फळी ताईने धरली होती, लग्नाच्या आधी, बोटीत उताणी पडून. नट आवळताना तिने मला मनसोक्त शिव्याही घातल्या होत्या.

आता ती शिव्या देत नाही. काहीच बोलत नाही म्हटलं तरी चालेल. तिने वाक्य सुरू केलं की दाजी ते मध्येच तोडतात, आणि ती हसून चहा टाकायला उठते. मला त्या हसण्याचा संताप येतो. बोट फुटली तर दुरुस्त करता येते. माझी थोरली बहीण अशीच विरत गेली तर तिला कुठून आणायची, ही मला खरी धास्ती होती.

‘‘हे काय भंगार लावलंय? प्लंबरची बोट वाटते,’’ काठावर उभे राहून दाजी म्हणाले आणि पाना घेऊन कामालाच लागले. पाइप निघाले, बोल्ट निघाले, फळी चिखलात जाऊन पडली.

‘‘दाजी, मागं फळी पायजे,’’ मी म्हणालो. ‘‘फायबर पातळ हाय. मासा वढाय लागला की समदा जोर स्क्रूवर येतो.’’

‘‘हे इंपोर्टेड आहेत. ह्यांना फळ्याबिळ्या लागत नाहीत.’’

खरं कारण मला दिसत होतं. फळी बसवायची तर बोटीच्या तळाशी, माशांच्या पाण्यात पाठ टेकून झोपावं लागतं, आणि नारायणाने पांढरी पॅंट घातली होती. त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला, ड्रिल मशीन फिरवली आणि नुसते स्क्रू पिळून दोन्ही होल्डर बसवले. तेही अगदी ताठ उभे. का, तर फोटोत छान दिसतात! ताईने एकदा चिखलातल्या फळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घातली.

आईला मी डोळ्यांनी खुणावलं, तर ती मलाच दटावते, ‘‘करू दे रं त्येंला. धोंड्याचा महिना हाय.’’ एवढ्यावर न थांबता तिने त्या होल्डरांना हळद-कुंकूही लावलं. आमच्याकडे भक्तीला तोटा नाही, अकलेचं मात्र जरा बघावं लागेल.

जेवणाआधी एक फेरी मारू, असं दाजींचं फर्मान निघालं. आम्ही तिघे बोटीत बसलो. आई काठावरच राहिली. दाजींनी आपला महागडा रॉड होल्डरमध्ये खोचला, काळा चष्मा लावला आणि ताईला फोटो काढायला लावले. फार लांब गेलोही नव्हतो, तोच गळाला कटला मासा लागला. चांगला दांडगा असावा. रॉड वाकला, कट्कन आवाज आला, आणि रॉड, होल्डर, त्याला चिकटलेला फायबरचा तुकडा, सगळं मिळून पाण्यात गेलं. कुंकवासकट. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी वल्ह्याकडे तोंड फिरवलं.

दाजी उठले, बोट डगमगली, पुन्हा बसले. ‘‘बोटच सडकी आहे तुमची,’’ ते ओरडले. मी बोट काठाला आणली. आई धोंड्यांचं ताट घेऊन धावत आली. तिला पाहून त्यांना आणखी जोर चढला. ‘‘मला बुडवायला बोलावलं होतं काय? चल गं, बॅग भर. ह्या घरात मी पाण्याचा घोट घेणार नाही.’’

धोंड्याच्या महिन्यात जावई न जेवता उठला, म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती हात जोडायच्या बेतात होती. मी ताईकडे पाहिलं. आता ही हसणार आणि बॅग भरणार, हे मला पाठ होतं.

ताई बोटीतून उतरली नाही. बोटीच्या फुटलेल्या काठावर हात ठेवून तशीच बसून राहिली.

‘‘तुमी व्हा म्होरं,’’ ती म्हणाली. ‘‘मी जेवून येईन. आन् येईन का न्हाई, त्ये बी जेवल्यावरच बघू.’’

आईने घाबरून मला विचारलं, ‘‘काय म्हनली रं ती?’’

मी सांगितलं नाही. मला ते पुन्हा एकदा तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.