देवाच्या घोंगडीची भोकं

माझ्या चुलत्यासारखा थापाड्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि तसा देवमाणूसही. आत्याच्या लग्नात नवरा-नवरीसाठी अंथरलेल्या कोऱ्या काळ्या घोंगडीवर चुलीच्या ठिणग्या उडाल्या आणि तिची पार चाळण झाली. मोडनिंबचा व्याही असा गरजला, की मांडवाचे खांब हलले. "जळक्या घोंगडीवर आमचं पोरगं बसणार न्हाय. वऱ्हाड माघारी चाललं."

चुलता म्हणाला, "पाव्हणं, देवाच्या लग्नातबी असंच झालं की. मग देवानं तीच घोंगडी वर टांगली. तेच आभाळ. भोकांतनं पलीकडचा उजेड दिसतो, त्या चांदण्या."

"पर देव तिच्यावर बसला व्हता का?"

"बसला म्हणून तर संसार टिकला."

दिवस बुडाला होता. व्याह्यानं वर बराच वेळ पाहिलं.

"बसवा पोराला," तो म्हणाला. "अन् ती भोकं कुणी शिवायची न्हाईत."